व्हिटबीचे अमोनाइट: कोणता गोटा फोडायचा आणि कोणता तसाच घरी आणायचा?

लीड्सवासी

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीच्या दोन्ही बाजूंना, सॉल्टविक बे, सँड्सएंड, रन्सविक बे या पट्ट्यात अमोनाइट (वेटोळ्या कवचाच्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म) गोळा करण्याबद्दल नेमकी माहिती हवी आहे. खडक ज्युरासिक काळातला, वय अठरा कोटी वर्षांच्या आसपास, आणि चांगले नमुने शेलमध्ये (पापुद्र्यांच्या, चिखलापासून झालेल्या खडकात) रुतलेल्या टणक गोट्यांच्या पोटात असतात, इथवर कळलं आहे. गाडी अडते ती त्यापुढे.

किनाऱ्यावर गोल दगडांचा खच असतो. त्यातला अमोनाइटचा गोटा कुठला, हे न फोडता कसं ओळखायचं? फोडल्यावर बऱ्याचदा मधले वेढे एका अर्ध्यात, बाहेरचा वेढा दुसऱ्यात आणि कंगोऱ्यांवरचं कवच उडालेलं, असं होतं. घाव चुकीच्या जागी बसतो की गोटेच तसे असतात? आणि घरी साफ करायला कमीत कमी काय लागेल? राहायला फ्लॅट आहे, त्यामुळे मोठा कॉम्प्रेसर लावणं कठीण. व्हिनेगरमध्ये बुडवून दगड विरघळवतात असं एका व्हिडिओत दाखवलं होतं, ते इथे चालेल का?

आणखी एक. डॉर्सेटमधल्या चारमाउथचे छोटे सोनेरी अमोनाइट डबीत ठेवले आहेत. त्यांच्यावर पांढरट-पिवळी भुकटी धरते आहे आणि डबी उघडली की गंधकाचा वास येतो. ते वाचतील का?

भरती-ओहोटी आणि नियम यांबद्दलही कोणी लिहिलं तर बरं.

गोटेशास्त्री

आधी पायाखाली कोणत्या थरातून आलेला माल आहे ते बघा. गोट्याची ओळख त्यावर ठरते.

व्हिटबी मडस्टोन या खडकसमूहाचे व्हिटबीजवळ खालून वर तीन भाग दिसतात: ग्रे शेल, त्यावर जेट रॉक (जेट म्हणजे दागिन्यांचं काळं जीवाश्म लाकूड, ते ज्यात मिळतं तो थर) पोटात घेणारा मलग्रेव्ह शेल, आणि सगळ्यात वर अ‍ॅलम शेल. तुम्ही जो अमोनाइट शोधता आहात तो बहुधा अ‍ॅलम शेलमधला. हाच शेल तुरटीसाठी सतराव्या शतकापासून १८७१ पर्यंत खणला गेला. त्याचे ढीग रचून महिनोन्‌महिने जाळत, म्हणून सँड्सएंडच्या जुन्या खाणींत लालसर भाजलेला शेल पडलेला दिसतो. ते कारखान्यांचे अवशेष आहेत, तिथे उकरायचं नाही. शोध घ्यायचा तो खाली, लाटांनी धुतलेल्या गोट्यांमध्ये.

अ‍ॅलम शेलचा गोटा क्वचितच पूर्ण गोल असतो. तो दोन बाजूंनी चपटा, वरून पाहिला तर लांबट वर्तुळाकार, साधारण ७ ते १५ सेंमी. बाहेरून राखाडी किंवा गंजल्यासारखा तपकिरी, आतून गडद राखाडी. हात फिरवला तर वाळूचे कण लागत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत. चाकूने ओरखडा निघतो आणि त्या पांढऱ्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतात, कारण गोटा म्हणजे चुन्याने घट्ट बांधलेला चिखल. व्हिनेगरचा एवढाच उपयोग, साफसफाईसाठी त्याचं नाव काढू नका. ते पुढे कोणी सांगेलच.

आता मुख्य खूण. गोटा ओला करून त्याची कड डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू फिरवा. अमोनाइट जवळजवळ नेहमी गोट्याच्या चपट्या पातळीत आडवा झोपलेला असतो, त्यामुळे तो बाहेर डोकावतो तो कडेवर. सुंभाच्या दोरीसारखी, सारख्या अंतराने पिळलेली पट्टी कडेवर दिसली तर ती डॅक्टिलिओसेरासची (इथे नेहमी मिळणाऱ्या अमोनाइटची) पाठ आहे, शंकाच नको. चपट्या बाजूवर मधोमध उथळ खळगा असेल तर ती नाभीची (वेढ्यांच्या मधल्या खोलगट भागाची) जागा असू शकते, पण हा पुरावा कच्चा. वजनाचा भरवसा धरू नका. जड गोटा म्हणजे आत पायराइट (लोह-गंधकाचं पितळी खनिज) जास्त, एवढंच कळतं.

फसवणारे दगड: कड्याच्या वरच्या भागातला मध्य ज्युरासिक वालुकाश्म (कणीदार, पाणी टाकलं की शोषतो) आणि हिमनद्यांनी आणून टाकलेला पाहुणा माल. कड्यांच्या डोक्यावर हिमयुगातली चिकणमाती आहे, ती ढासळते. त्यामुळे लेक डिस्ट्रिक्टमधला गुलाबी स्फटिकांचा शॅप ग्रॅनाइट आणि नॉर्वेचा ऱ्हॉम्ब पॉर्फिरीसुद्धा याच वाळूत सापडतो. बघायला छान, पण फोडून हाताला झिणझिण्यांपलीकडे काही मिळणार नाही.

रन्सविक किंवा केटलनेसकडे जेट रॉकमधले गोटे येतात. त्यातला खरोखरच गोल, बाहेरून पायराइटची पितळी साल असलेला गोटा म्हणजे इथले लोक ज्याला ‘कॅननबॉल डॉगर’ म्हणतात तो. आत बहुधा एलेगँटिसेरास असतो, पातळ चकतीसारखा. साल फार कडक असते आणि घाव बसला की तिचे कपचे डोळ्याच्या दिशेने उडतात. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये. मीटरभराहून मोठे चपटे दगड दिसतात त्यांना ‘व्हेलस्टोन’ म्हणतात. त्यांच्यावर बसून डबा खावा.

सापडलेल्याची ओळख पटवायला तीन गोष्टी बघा: पाठ, कंगोरे, वेढ्यांची बाजू. पाठ गोल आणि कंगोरे पाठीवर जाताना दुभंगत असतील तर डॅक्टिलिओसेरास. पाठीवर मधोमध एक कणा, त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा आणि वेढ्याच्या बाजूवरून फिरणारी आणखी एक खाच असेल तर हिल्डोसेरास. एकच उंच कणा, विळ्यासारखे वळलेले कंगोरे आणि आतले वेढे बरेचसे झाकलेले असतील तर हार्पोसेरास. हिल्डोसेरास हे नाव व्हिटबीच्या मठाच्या हिल्डावरून आलं. तिने सापांचे दगड केले अशी दंतकथा आहे, आणि व्हिक्टोरियन काळात दुकानदार डॅक्टिलिओसेरासला कोरून सापाचं डोकं करून विकत. डोकं असलेला नमुना कुठे विकत मिळाला तर तो त्या कारागिरीचा भाग समजा. अमोनाइटला तसं डोकं जपलेलं नसतं.

उधाणवारा

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगायला नको, पण इथे कडा आणि समुद्र यांच्यामध्ये पळायला जागा नसते, म्हणून लिहितो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती मोठी तशी ओहोटीही खोल जाते. व्हिटबीला तेव्हा पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. खडकांच्या सपाट पायऱ्या त्या दिवसांत जास्त उघड्या पडतात, म्हणून लोक तेच दिवस निवडतात. धोका असा की पाणी परत येतानाही तितक्याच वेगाने येतं आणि आधी पुढच्या टोकाशी वाट बंद करतं. तुम्ही खाडीच्या आतल्या कोपऱ्यात कोरड्यात उभे असता आणि बाहेर जायचा कोपरा पाण्याखाली गेलेला असतो. सॉल्टविकचा सुळका आणि सँड्सएंड ते केटलनेस हा पट्टा यासाठी बदनाम आहे. हिशोब सोपा ठेवा: ओहोटीच्या दोन-अडीच तास आधी खाली उतरा, पाणी उतरत असताना पुढे जा, आणि ओहोटीच्या वेळेला तोंड फिरवा. सापडो न सापडो. वारा समुद्राकडून जोरात असेल तर तक्त्यातल्या वेळेपेक्षा पाणी आधी आणि वर येतं.

कडा शेलचा आहे, तो रोज झडतो. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे मोठ्या पावसानंतरचे आणि थंडीत रात्री गोठून सकाळी ऊन पडतं ते दिवस. हेल्मेट घाला, पण ते मुठीएवढ्या दगडासाठी आहे, दरडीसाठी नाही. ताज्या दरडीच्या पायथ्याशी ताजे गोटे दिसतात आणि मोह तिथेच होतो. दोन-चार भरत्या तो ढीग धुऊन पसरवू द्या, तेच गोटे सुरक्षित जागी मिळतात. हिवाळ्यातल्या वादळानंतरची ओहोटी उत्तम, उन्हाळ्यात वाळू चढून बराचसा खडक झाकला जातो.

हिरव्या शेवाळाचा शेल फार निसरडा. घोट्यापर्यंतचे, चांगल्या तळव्याचे बूट हवेत, गमबूट नकोत. कड्याखाली फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून परतायची वेळ घरी सांगून निघा. अडकलातच तर ९९९ आणि ‘कोस्टगार्ड’ मागा.

नियमांचं थोडक्यात: हा किनारा बराचसा शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षित आहे. सुटे पडलेले नमुने माफक प्रमाणात स्वतःसाठी उचलणं सहसा चालतं. कड्यावर किंवा जागच्या खडकात हातोडा-छिन्नी लावायची नाही. जमीनमालकाचा फलक असेल तर तो शेवटचा शब्द. मणक्यासारखं किंवा हाडांच्या रांगेसारखं काही दिसलं तर ओढून काढू नका. पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा नोंदवा आणि व्हिटबीच्या पॅनेट पार्कमधल्या संग्रहालयाला कळवा. इथे इक्थिओसॉर निघतात आणि खेचाखेचीत त्यांची वाट लागते. त्याच संग्रहालयात स्थानिक अमोनाइटांचा मोठा संग्रह आहे, ओळख पटवायची तर आधी एक दुपार तिथे घालवणं फायद्याचं.

छिन्नी_आणि_सबुरी

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण बहुतेक नमुने समुद्र नाही, हातोडा मारतो.

पहिला नियम: कडेवर अमोनाइटची पाठ दिसत असेल तर तो गोटा फोडायचाच नाही. पाठ दिसली म्हणजे आत काय आहे ते कळलं, कुठल्या दिशेने काम करायचं तेही कळलं. आता घाव घालून नवी माहिती मिळणार नाही, नुकसान मात्र मिळेल. पिशवीत टाका, घरी वरून उतरवत जा. फोडायचे ते फक्त काहीच न दिसणारे, आकाराने आशादायक गोटे.

आता दोन तुकडे असे का होतात ते. गोट्यात दोन जोड असतात: कवच आणि बाहेरचा दगड यांच्यातला, आणि गोट्याच्या मधोमध जाणारी चपटी पातळी. आतल्या वेढ्यांच्या कप्प्यांत बहुधा स्फटिकी कॅल्साइट (चुन्याचं खनिज) भरलेला असतो आणि कॅल्साइट आपल्या ठरलेल्या पातळ्यांवर स्वच्छ तुटतो. बाहेरचा शेवटचा वेढा, म्हणजे प्राणी राहत असे तो कप्पा, गोट्याच्याच चिखलाने भरलेला. त्यामुळे तडा बाहेरून आत येताना चिखलात कवचाच्या कडेने सरकतो आणि मध्यावर पोचला की कॅल्साइटमधून आरपार जातो. म्हणून मधला भाग एका अर्ध्याला चिकटून राहतो. कवच उडतं ते वेगळ्या कारणाने: कंगोऱ्यांच्या खाचांत दगड घट्ट बसलेला असतो, आणि कोऱ्या गोट्यात कवच-दगड जोड फार मजबूत असतो. बरेच दिवस लाटांत लोळलेल्या, तपकिरी सालीच्या गोट्यात तो जोड ढिला झालेला असतो. तेच सुटसुटीत उघडतात. काळा, कोरा, नुकताच कड्यातून पडलेला गोटा दिसायला दणकट पण उघडायला वाईट.

हत्यार: १ किलोच्या आसपासचा आखूड दांड्याचा हातोडा आणि २०-२५ मिमी पात्याची पोलादी छिन्नी. सुताराचा खिळेवाला हातोडा अजिबात नको. त्याचं तोंड इतकं कडक केलेलं असतं की दगडावर किंवा छिन्नीवर आपटून त्याचे कपचे उडतात. एका हातोड्यावर दुसरा हातोडाही मारू नये, कारण तेच. डोळ्यांवर बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा, साधा नंबरचा नाही. बघणारेही तीन-चार मीटर लांब हवेत.

गोटा वाळूवर ठेवून मारलं तर जोर वाळू खाते आणि घावामागे घाव घालावे लागतात. मोठ्या, न हलणाऱ्या दगडावर तो कडेवर उभा धरा, चपटी पातळी उभी राहील असा. हातात धरण्यापेक्षा दोन दगडांच्या बेचक्यात टेकवला तर बरं. हातोड्याच्या चौकोनी तोंडाची धार कडेवर, चपट्या पातळीच्या रेषेत बसली पाहिजे. एक मध्यम घाव, मग गोटा दहा-पंधरा अंश फिरवून दुसरा, असं कडेभोवती फिरत जा. एकाच जागी जोर लावला की तडा आडवा जातो आणि नमुना नाभीतून मोडतो. आवाज ऐका: अखंड गोटा खणखणतो, तडा गेला की आवाज बद्द होतो. बद्द झाला की हातोडा ठेवा, छिन्नी तड्यात टेकवून हलके ठोके द्या आणि अर्धे वेगळे करा. जोराचा शेवटचा घाव हाच नमुना मारतो.

उघडल्यावर दोन्ही अर्धे आणि खाली पडलेला प्रत्येक कपचा उचला. कपचे वेगळ्या लहान पिशवीत. किनाऱ्यावर डिंक लावायचा नाही. मीठ आणि ओल असताना जोड धरत नाही, उलट नंतर पांढरा थर येतो. घरी मीठ काढून, पूर्ण वाळवून पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) जोडात सोडा. दोन अर्धे पुन्हा एकत्र चिकटवून एकाच बाजूने दगड उतरवत गेलात तर पुष्कळदा अखंड नमुना मिळतो. तुमच्या त्या मोडक्या गोट्यांचेही दोन्ही अर्धे असतील तर ते अजून वाया गेलेले नाहीत.

लीड्सवासी

दोन्ही अर्धे ठेवले आहेत, मग हे लगेच करून बघण्यासारखं आहे. एक शंका: काहीजण गोटे पाण्यात भिजवून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि गोठवून-वितळवून फोडतात. त्याने जोड आपोआप उघडतो म्हणे?

गोटेशास्त्री

लोळलेल्या, सालीच्या गोट्यांसाठी करता येतं. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवायचे, झिपच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये, दिवसा पाण्यात. पाच-सहा फेऱ्यांनंतर कडेवर केसासारखा तडा दिसला तर छिन्नी लावायची.

छिन्नी_आणि_सबुरी

मी विरोधात आहे. पाणी जिथे आधीच भेग आहे तिथे शिरतं. गोट्याच्या पातळीत शिरेल आणि कप्प्यांच्या भिंतींत शिरणार नाही, असं कोणी पाण्याला सांगितलेलं नाही. घट्ट गोट्यात पाणी जातच नाही, मग फेऱ्या फुकट. ढिल्या गोट्यात सगळीकडे जातं, मग कवच पत्र्यापत्र्याने सुटतं. पायराइट असलेल्या गोट्याला तर आठवडाभर पाणी पाजणं म्हणजे पुढचा रोग घरी आणणं.

आगीत तापवून पाण्यात टाकायची युक्तीही कुठेतरी वाचाल. ती नकोच. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन दगड फुटून उडतो.

गोटेशास्त्री

पायराइटबद्दल शंभर टक्के मान्य. बाकी ज्या गोट्यात काही आहे की नाही हेच माहीत नाही आणि मन मोडायची तयारी आहे, तेवढ्यापुरती फ्रीझरची बाजू धरून ठेवतो.

पेनाची_टोक

घरच्या साफसफाईबद्दल.

व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, काहीही आम्ल नको. आम्लाने साफ करण्याची पद्धत तेव्हा चालते जेव्हा जीवाश्म सिलिका किंवा फॉस्फेटचा असतो आणि भोवतालचा दगड चुन्याचा. इथे कवचही कॅल्साइट आणि गोट्याला बांधणारा चुनाही कॅल्साइट. आम्लाला दोघांत फरक कळत नाही. कवच पातळ असल्यामुळे आधी तेच जातं, कंगोरे बोथट होतात आणि शिवणरेषांवर (कप्प्यांच्या भिंती कवचाला मिळतात त्या नागमोडी रेषांवर) पांढुरका डाग राहतो.

पहिलं काम मीठ काढणं. गोटा नळाच्या पाण्यात बुडवा, पहिला आठवडा रोज पाणी बदला, मग दोन-तीन दिवसांनी एकदा, साधारण तीन आठवडे. मग सावलीत वाळवा, रेडिएटरवर नाही. हे फक्त चुन्याच्या गोट्यांसाठी. सुट्या शेलमध्ये चपटा झालेला अमोनाइट पाण्यात टाकला तर शेल पानापानाने उलगडतो. तो वर्तमानपत्रात गुंडाळून हळूहळू वाळवायचा आणि वाळल्यावर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला पॅरालॉइड बी-७२ हा पारदर्शक राळेसारखा पदार्थ (१०० मिलीत ५ ग्रॅम) ब्रशने पाजायचा.

हत्यार, फ्लॅटच्या हिशोबाने: सुरुवात विजेवर चालणाऱ्या कोरणी पेनाने करा, काचेवर नाव कोरतात ते. ब्रिटनच्या विजेवर ते मिनिटाला ६००० च्या आसपास ठोके देतं. कार्बाइडचं टोक घ्या. काम हळू, पण आवाज शेजाऱ्यांना सोसतो आणि लहान डॅक्टिलिओसेरास त्याने पूर्ण होतो. हवेच्या दाबाचं पेन कितीतरी वेगवान, पण त्याला ७० ते ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) सतत देणारा कॉम्प्रेसर हवा, किमान २४ लिटर टाकीचा. रंगकामाच्या एअरब्रशला जोडतात तो छोटा पुरत नाही, दर मिनिटाला दाब पडतो आणि टोक अडखळतं. आवाज कमी करणाऱ्या जातीचे कॉम्प्रेसर मिळतात, महाग असतात. हवेच्या नळीत पाणी अडवणारी बाटली बसवा आणि पेनात उत्पादक सांगतो तेवढं तेल.

पद्धत दोन्हीची एकच. टोक दगडावर ३० ते ४५ अंशांत धरा आणि ते कधीही कवचाच्या दिशेला सरळ रोखू नका. बाहेरून दगड पातळ करत या, कवचावर मिलिमीटरभर राहू द्या. मग त्या शेवटच्या थरावर, कवचापासून दूर जाणाऱ्या दिशेने, टोक हलकेच टेकवा. थर टिचकीने सुटून उडतो आणि खाली काळपट चकचकीत कवच दिसतं. ज्या जागी सुटत नाही तिथे हट्ट करू नका. पुढे सरका, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की मधला भाग सुटतो. नाभीकडे जाताना बाहेरच्या वेढ्याकडून आत या, कारण नाभीतले वेढे लहान, खोल आणि पातळ कवचाचे. तिथे हात घाईला आला की दिवसभराचं काम जातं. दहापट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक असेल तर चुका निम्म्याने कमी होतात. नसेल तर डोक्याला लावायचं भिंग.

उरलेल्या खाचांसाठी लोक भुकटीचा हवा-झोत वापरतात. खाण्याचा सोडा (कठीणता २.५) कॅल्साइटपेक्षा (३) मऊ, म्हणून कवच वाचतं पण दगडही हळू निघतो. डोलोमाइटची भुकटी ३.५ ते ४, ती दगड पटकन काढते आणि लक्ष हटलं तर कंगोऱ्यांची धार घेऊन जाते. कमी दाबापासून सुरू करा, २० पीएसआय, आणि आधी मोडक्या नमुन्यावर हात बसवा. फ्लॅटमध्ये हे बंद पेटी आणि धूळ ओढणाऱ्या नळीशिवाय करू नका.

धुळीबद्दल कोणी नीट बोलत नाही. गोट्यातल्या चिखलात क्वार्ट्झचे सूक्ष्म कण आहेत आणि ते फुप्फुसात कायमचे राहतात. एफएफपी३ (बारीक धूळ गाळणारा) मास्क, खिडकी उघडी, काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणं. झाडू मारलात तर सगळी धूळ पुन्हा हवेत. कापडी रुमाल म्हणजे मनाचं समाधान.

शेवटी वॉर्निश लावू नका, पिवळं पडतं आणि निघत नाही. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे. बाजारातले फार काळे-कुळकुळीत चमकणारे नमुने दिसतात त्यांतले काही बुटांच्या पॉलिशने काळे केलेले असतात. ज्याची त्याची आवड.

गंधकवास

चारमाउथच्या सोनेरी अमोनाइटांना पायराइटचा रोग लागला आहे. उशीर झाला असला तरी आत्ता करण्यासारखं बरंच आहे.

घडतं असं: पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा मिळाला की त्यातून लोहाची सल्फेटं आणि गंधकाम्ल तयार होतं. भुकटी ती सल्फेटं, वास गंधकाचा. भुकटी स्फटिकाहून जास्त जागा घेते, म्हणून नमुना आतून फुटतो. आम्ल डबीतला कागदी लेबलही खातं आणि शेजारच्या चुन्याच्या नमुन्यांवर चढतं. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हा प्रकार जोर धरतो, आणि इंग्लंडमधल्या घरात हिवाळ्यात ती सहज जाते. समुद्राचं मीठ राहिलं असेल तर ते आणखी ओल धरतं.

आज करायचं: रोगट नमुने बाकीच्यांपासून वेगळे काढा, त्यांच्या डब्या आणि कापूस फेकून द्या. भुकटी कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. पाण्याने धुवायचा मोह टाळा, आम्ल पातळ होऊन आत शिरतं. संग्रहालयांतले तज्ज्ञ आम्ल मारायला अमोनियाची वाफ किंवा इथेनोलामाइन थायोग्लायकोलेट वापरतात. दुसऱ्या औषधाला असह्य वास आहे, घरी नको. अमोनियाची वाफ बाहेर, उघड्यावर, झाकणाच्या काचेच्या भांड्यात देता येते: तळाला थोडा अमोनिया, वर जाळीवर नमुना, पाण्याचा संपर्क नाही. लोहाची सल्फेटं तपकिरी होतात, मग पुन्हा ब्रश. सोनेरी रंग त्या जागी परत येत नाही.

पुढे: नमुना पूर्ण वाळवून अ‍ॅसिटोनमध्ये तासभर बुडवा म्हणजे उरलेलं पाणी निघतं. ज्योत जवळ नको, खिडकी उघडी. मग ५ टक्के पॅरालॉइडचे दोन पातळ हात. पॅरालॉइड हवा पूर्ण रोखत नाही, म्हणून खरी राखण आर्द्रतेची. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक. आकडा ४० च्या खाली ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. लाकडी कपाट, विशेषतः ओकचं, टाळा. त्यातून आम्लाची वाफ येते.

नवे आणाल तेव्हा मात्र मीठ काढायला पाणी लागतंच, फक्त नंतर लगेच वाळवायचं: पहिल्याच दिवशी गोड्या पाण्यात, दोन आठवडे रोज पाणी बदलून, मग अ‍ॅसिटोन, मग लगेच पॅरालॉइड. नुसते खिडकीत मांडून ठेवलेले चारमाउथचे नमुने काही वर्षांत भुकटी होतात.

इंदूरकर

मध्येच घुसतो. महाराष्ट्रात यातलं काही सापडतं का? आणि देवघरातला शाळिग्राम हाच ना?

गोटेशास्त्री

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे लाव्हा. त्यात अमोनाइट असणं शक्य नाही. तुम्हाला इंदूरहून जवळ म्हणजे धार जिल्ह्यातलं बाग. नर्मदेच्या खोऱ्यात क्रेटेशस काळात (ज्युरासिकनंतरच्या) समुद्र शिरला होता, त्या थरांत प्लासेंटिसेरास हा अमोनाइट मिळाल्याच्या नोंदी आहेत. कच्छमधले ज्युरासिक अमोनाइट वागेन या जीवाश्मतज्ज्ञाने १८७० च्या दशकातच अभ्यासले होते. दक्षिणेत अरियलूर-कराईचा पट्टा. भारतात या जागा बघायच्या, फोटो काढायचे. ट्रकने दगड नेणाऱ्यांनी आधीच पुष्कळ नुकसान केलं आहे, त्यात आपली भर नको.

शाळिग्राम म्हणजे नेपाळमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातले काळ्या शेलमधले गोटे, ज्युरासिकच्या अखेरीचे. प्रकार तोच: शेलमध्ये गोटा, गोट्याच्या पोटात अमोनाइट. फोडायचं काम तिथे नदी करते. ‘चक्र’ म्हणतात ते वेढ्यांचे ठसे. देवघरातल्यावर कोरणी पेन चालवू नका, घरात भांडणं होतील.

लीड्सवासी

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो: नोंद कशी ठेवता? सगळे गोटे एकाच बादलीत जमा झाले आहेत.

पेनाची_टोक

किनाऱ्यावरच प्रत्येक गोट्याला वेगळी पिशवी आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई ओलीने पसरते. चिठ्ठीत तारीख, खाडीचं नाव, ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशांचा) सहा आकडी ग्रिड संदर्भ, आणि गोटा सुटा मिळाला की दरडीत, हे लिहा. थर ओळखता आला तरच लिहा, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका. घरी नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइडचा बोटाएवढा पट्टा, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वर पुन्हा एक पातळ हात. वहीत तोच क्रमांक. दोन अर्धे असतील तर दोघांवर एकच क्रमांक आणि पुढे ‘अ’, ‘ब’.

बादलीतल्यांची खाडी आठवत असेल तर तेवढीच लिहा. आठवत नसेल तर ‘व्हिटबी परिसर, सुटा’ एवढं पुरे. त्यांच्यावरच कोरणी पेनाचा हात बसवा.